जुनी मोटारसायकल घेताना



या सदरात एरवी भात, सुपारी, नारळ आणि वालाच्या गोष्टी होतात. या खेपेस विषय वेगळा आहे. पण तो घरातल्या पैशाचा आहे आणि घरातल्या मुलाच्या हातापायांचाही आहे, म्हणून मुद्दाम घेतला.

आगरदांड्याला बैठक आटोपून निघालो, तेव्हा एका ताईंनी मला वाटेत थांबवले. म्हणाल्या, "साहेब, पोराला खाडीपलीकडे दिघीला काम लागलंय. रोज फेरीबोटीने जायचं. नवी गाडी काय आम्हाला झेपत नाही. सुपारीचे पैसे बाजूला ठेवलेत, त्यात जुनी मोटारसायकल घ्यायची म्हणतो. सगळे सांगतात बघून घ्या. पण बघायचं म्हणजे काय बघायचं?"

प्रश्न अगदी रास्त होता. बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, मग बोली लावतो. गाडी घेताना मात्र रंग बघतो आणि पैसे मोजतो. तेव्हा त्या ताईंना जे सांगितले, तेच आज सर्वांसाठी लिहितो.

आधी किनाऱ्याचा विचार

आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे खारा वारा. खारभूमीत मीठ भाताच्या मुळाला खाते, तसेच ते गाडीच्या लोखंडाला खाते. त्यातून जी गाडी रोज फेरीबोटीवर चढते, तिच्यावर खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात आणि पावसाळ्याचे चार महिने ओल असतेच. म्हणून घाटावरच्या गाडीपेक्षा किनाऱ्यावरची गाडी अधिक कसून बघावी लागते.

दुसरी गोष्ट पुराची. जुलै 2021 मध्ये महाडला सावित्री आणि गांधारीच्या पुरात असंख्य वाहने बुडाली. बुडालेली गाडी धुऊन-पुसून, रंग देऊन पुन्हा विकली जाऊ शकते. ती सुरू होते, चालतेही. पण पाणी आत शिरलेले असले तर त्याचे दुखणे पुढे बाहेर येते.

कोणती गाडी?

एके काळी गावात राजदूत, येझदी, नाहीतर बुलेट दिसे. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि शंभर सीसीची, थोड्या पेट्रोलवर चालणारी फोर स्ट्रोक गाडी खेड्यापाड्यांत रुजली. रोजच्या कामाला अशी साधी गाडीच बरी. तिचे सुटे भाग तालुक्याला मिळतात आणि मेस्त्रीला ती पाठ असते.

1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. त्या वाईट नाहीत, पण त्यांची दुरुस्ती गावच्या मेस्त्रीला जमेल का, हे आधी विचारून घ्यावे.

गाडी बघायला जाताना

दिवसाउजेडी जावे. संध्याकाळी किंवा पावसात भिजलेली गाडी बघू नये. ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही आणि तेलाची गळतीही लपते. सोबत ओळखीचा मेस्त्री न्यावा. त्याची मजुरी पुढच्या खर्चाच्या मानाने काहीच नाही.

विकणाऱ्याला आधीच सांगावे, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर इंजिनला हात लावून बघावा. ते गरम लागले, तर गाडी आपल्या आधी तापवून ठेवली आहे असे समजावे. थंड इंजिन दोन-चार किकमध्ये सुरू व्हायला हवे. ज्या गाडीचे इंजिन झिजले आहे, ती गरम असताना गोड बोलते आणि थंड असताना खरे सांगते.

लोखंड आणि सांगाडा

सर्वांत आधी खाली वाकून बघावे. मागचे चाक धरणारा चिमटा, मधला स्टँड, पायदानाची जागा, बॅटरीखालची पट्टी आणि सायलेन्सरचा तळ या जागा गंज आधी खातो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून बघावे. चांगले लोखंड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द वाजते. एखाद्याच जागी ताजा काळा रंग किंवा तेल फासलेले दिसले, तर तिथे नखाने खरवडावे. वेल्डिंगचा जोड सांगाड्याच्या नळीवर असेल, तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्यावी. इंजिन दुरुस्त होते; पण सांगाडा चालत्या गाडीत तुटला, तर माणूस दुरुस्त होईलच असे नाही.

मग समोर उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते बघावे. हँडल सरळ धरल्यावर पुढचे चाकही सरळ हवे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे आणि शॉकअपचे पाय धरून मागे-पुढे हलवावेत. कटकट जाणवली, तर कोनसेट ढिला आहे. हँडल फिरवताना मधेच अडकले, तर तो खराब झाला आहे. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ असेल, तर सील गेले आहे. कोनसेट आणि सील बदलता येतात, पण तो खर्च किमतीतून कमी करून घ्यावा.

इंजिन, तेल आणि धूर

ऑइलची काडी काढून बघावी. काळे ऑइल म्हणजे बदलायला झालेले. पण ते ताकासारखे पांढुरके असेल, तर आत पाणी गेले आहे. हेडलाइट आणि मीटरच्या काचेआड गाळाची रेघ आहे का तेही बघावे. ही पुरात बुडालेल्या गाडीची खूण असते.

गाडी सुरू केल्यावर धूर बघावा. फोर स्ट्रोक गाडीने निळा धूर टाकला, तर ऑइल जळते आहे आणि इंजिनचे मोठे काम निघणार आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते. थंड सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ आली, तर काळजी नको. राजदूतसारख्या टू स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइल जळतेच, तेव्हा तिचा थोडा निळसर धूर हा दोष धरू नये.

कान देऊन ऐकावे. वरून येणारी बारीक टकटक बहुधा टॅपेटची असते, ती थोडक्यात निघते. खालून खोल ठोके येत असतील, तर कनेक्टिंग रॉडचे दुखणे असू शकते. ते महागात जाते.

टाकीचे झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत बघावे. गंजाचे पोपडे दिसले, तर तो कचरा कार्बोरेटरमध्ये जाणार. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओल ओढून घेते. किनाऱ्यावर गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने उभी असली, की टाकी आतून लवकर गंजते. जुन्या गाडीची पेट्रोलची नळी कडक झाली असेल किंवा तडकली असेल, तर पहिल्याच दिवशी बदलावी.

चाक, चेन, ब्रेक, वायरिंग

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 लिहिले असेल, तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक असली तरी रबर तडकलेले असेल, तर टायर संपला असे धरावे. स्पोक एकेक वाजवून बघावेत. गंजलेला स्पोक तुटतो.

चेन मागच्या चक्राच्या पाठीमागून ओढून बघावी. ती दातांपासून बरीच सुटत असेल आणि दात करवतीसारखे टोकदार झाले असतील, तर चेन आणि चक्रे एकदमच बदलावी लागतात. मीटरवर आकडा थोडा आणि पायदानाचे रबर व ब्रेकचे पेडल मात्र गुळगुळीत झिजलेले, असे असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नये. दिवे, हॉर्न, ब्रेकचा दिवा सगळे लावून बघावे. वायरच्या जोडावर हिरवी पूड दिसली, तर खारी हवा आत पोहोचली आहे.

शेवटी चालवून बघावे. चढावर जरा जोर द्यावा. इंजिन ओरडते पण गाडी पळत नाही, तर क्लच घसरतो आहे. गिअर आपोआप सुटता कामा नये आणि ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढता कामा नये.

कागद हे गाडीचे अर्धे अंग

आरसी बुक हाती घेऊन इंजिन आणि चासी क्रमांक आकडा न्‌ आकडा ताडून बघावे. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला, तर तिथूनच परत फिरावे. आरसीवर बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. थकलेले चलन मोबाइलवर बघता येते. गाडी परराज्यातील असेल, तर तिथला नाहरकत दाखला हवा.

नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे गाडी तपासून 5-5 वर्षांसाठी नूतनीकरण होते. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरील मोटारसायकलीच्या नूतनीकरणाची फी 300 वरून 1000 रुपये झाली. त्याशिवाय पर्यावरण कर असतो. आजचा नेमका आकडा परिवहन कार्यालयात विचारून मगच किंमत ठरवावी. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात नवी सुरक्षित नंबर पाटी आवश्यक केली आहे, तीही आहे का बघावी.

व्यवहार झाला की फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी नावावर करावी. आपल्या एमएच 06 च्या गाड्यांचे काम पेणच्या कार्यालयाकडे असते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. मालक वारला असेल, तर वारसाने आधी फॉर्म 31 वर गाडी आपल्या नावावर करून घ्यायला हवी. नुसत्या मुलाच्या सहीवर गाडी घेऊ नये.

विकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. गाडी विकली, पण नाव तसेच राहिले आणि अपघात झाला, तर जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली हे स्पष्ट केले आहे. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊ नये आणि घेऊही नये. थोडी रक्कम नाव लागेपर्यंत हातात ठेवावी व तसे कागदावर लिहून घ्यावे.

त्या ताईंनी काय केले?

त्यांनी दोन गाड्या बघितल्या. पहिली लखलखीत होती, पाच हजारांनी स्वस्तही होती आणि मुलाला फार आवडली होती. मेस्त्रीने मागच्या चिमट्यावरचा ताजा रंग खरवडला, तर खाली वेल्डिंगची पट्टी निघाली. मुलगा म्हणाला, "आई, चालतंय, मी जपून चालवीन." ताई म्हणाल्या, "तू जपशील रे, पण ती तुला जपणार नाही."

दुसरी गाडी एका निवृत्त शिक्षकांची होती. रंग उडालेला, सीट फाटलेली. पण सांगाडा निकोप, थंड इंजिन दुसऱ्या किकला सुरू, आणि कागद एका पिशवीत नीट लावलेले. ती घेतली. चेन, चक्रे आणि मागचा टायर लगेच बदलावा लागला. ते पैसे त्यांनी आधीच बाजूला ठेवले होते. तुम्हीही हातातली सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालू नका; पाचातला एक हिस्सा दुरुस्तीला राखून ठेवा.

आता मुलगा फेरीबोटीने दिघीला जातो. घरी आला की गोड्या पाण्याने गाडी धुतो, पुसतो आणि चेनला ऑइल देतो. हेल्मेट मात्र नवेच घेतले आहे. तेवढी एक वस्तू कधी जुनी घेऊ नये.

तुमच्या घरी गाडी घ्यायचे चालले असेल, तर हे पान कापून खिशात ठेवा आणि गाडीसमोर उभे राहून एकेक मुद्दा बघा. घाई विकणाऱ्याला असते. आपल्याला ती नसावी.

असो. पुढच्या खेपेस पुन्हा आपल्या सुपारीच्या वाडीकडे वळू.