100 मीटरमध्ये दोन मार्क कुठे गळतात? दौंड-शिरूरच्या भरतीच्या पोरांच्या धावण्यामागचं शास्त्र

एका पोराने 100 मीटर 12.50 सेकंदांत मारलं, दुसऱ्याने 12.51 सेकंदांत. या वेगाला सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे साधारण 8 सेंटीमीटर, चार बोटांचं अंतर. पण पोलीस भरतीच्या ग्राउंडवर पहिल्याला 12 मार्क मिळतात आणि दुसऱ्याला 10.

सध्याच्या पद्धतीत पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी 50 मार्कांची आहे. मुलांना 1600 मीटरचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलींना 1600 च्या जागी 800 मीटर. 100 मीटरचे पैकीच्या पैकी मार्क हवे असतील तर मुलांना 11.50 सेकंदांच्या आत आणि मुलींना 14 सेकंदांच्या आत यावं लागतं. त्यापुढे एकेका सेकंदाचे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला मार्क गळतात.

राज्य राखीव पोलीस बल, म्हणजे सगळे ज्याला एसआरपीएफ म्हणतात, तिथे मैदानी चाचणी 100 मार्कांची. त्यात 5 किलोमीटरला 50, 100 मीटरला 25 आणि गोळाफेकीला 25.

आता हे दौंडशी कसं जोडलंय? एसआरपीएफचे गट क्रमांक 5 आणि 7 हे दोन्ही दौंडचे. जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र. त्यामुळे या तालुक्यात खाकी वर्दी रोजच्या बघण्यातली, आणि भरतीची तयारी करणारी पोरंही. भीमा ओलांडली की शिरूर. तिथे तर सेकंदाचा हिशेब भरतीच्याही आधीपासून चालतो, कारण हा बैलगाड्यांचा पट्टा. कुणाची बारी किती सेकंदांत बसली, हे घाटात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडी असतं. बैलाची ठेवण, त्याचे खूर, त्याची झेप यावर तासभर बोलणारी माणसं पोराला मात्र एवढंच सांगतात, 'जोरात पळ.'

स्पर्धा किती आहे?

2024 च्या भरतीत राज्यभरात 17,471 जागा होत्या आणि अर्ज आले 17 लाखांच्या वर. एका जागेमागे सुमारे शंभर जण. मैदानीत निम्मे मार्क मिळाले तरच पुढे लेखीचा विचार, आणि लेखीलाही एका जागेमागे दहाच जण बोलावले जातात. म्हणजे ग्राउंडचं मेरिट एका मार्कानेही हुकू शकतं. ऑगस्ट 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी सुमारे 15 हजार पदांच्या भरतीला मंजुरी दिली, तेव्हा मैदानं पुन्हा भरली.

तयारीचा मोठा वेळ साहजिकच लांब पल्ल्याला जातो. 5 किलोमीटरला 50 मार्क आहेत म्हटल्यावर कुणीही तेच करेल. अडचण अशी की लांब पळून दम वाढतो, 100 मीटरचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. तो वेगळा कारभार आहे.

पाय भराभर उचलले की वेग वाढतो?

बहुतेकांना असंच वाटतं. वेगवान माणूस म्हणजे ज्याचे पाय हवेत भराभर फिरतात तो. अमेरिकेतल्या पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. त्यांचा निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाला आणि तो बऱ्याच प्रशिक्षकांना चक्रावणारा होता. पूर्ण वेगात असताना एक पाय जमिनीवरून सुटून पुन्हा टेकेपर्यंत लागणारा वेळ वेगवान आणि हळू धावणाऱ्यांमध्ये जवळपास सारखाच निघाला. फरक होता तो जमिनीला किती जोर लावला जातो यात. वेगवान माणूस जमिनीला जास्त जोराने दाबतो, आणि तेही कमी वेळात.

हा वेळ किती कमी असतो? जागतिक दर्जाच्या धावपटूचा पाय पूर्ण वेगात असताना जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ राहतो. तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या चारपटीहून जास्त जोर काही क्षण त्या एका पायावर येतो. भरतीच्या पोराचा पाय थोडा जास्त वेळ टेकलेला असतो. समजा 100 मीटरला त्याची 50 पावलं पडतात. पावलाची लांबी आणि हवेतला वेळ तेवढाच ठेवून जमिनीवरचा वेळ दर पावलाला सेकंदाच्या शंभराव्या भागाने कमी झाला, तर एकूण अर्धा सेकंद वाचतो. ढोबळ हिशेब आहे, पण अर्धा सेकंद कुठून येऊ शकतो हे त्यातून कळतं.

मग हा जोर कमी वेळात लावायचा कसा? इथे सगळं शरीर कामाला येतं.

पाय जमिनीवर येतो तेव्हा घोटा ताठ हवा. तो ढिला असेल तर लावलेला जोर घोट्यातच जिरतो, जसा हवा कमी असलेला फुटबॉल उसळत नाही. पाय शरीराच्या फार पुढे पडला तर तो ब्रेकसारखा काम करतो. मोठं पाऊल टाकायच्या नादात पोरं नेमकं हेच करतात. पाय लांब फेकतात, टाच आधी टेकते, आणि प्रत्येक पावलाला वेग थोडा मारला जातो. पाऊल लांब व्हायला हवं ते मागच्या पायाने जमीन ढकलल्यामुळे. पुढचा पाय लांब फेकून ते होत नाही.

कंबर खाली बसली, म्हणजे धावणारा खुर्चीत बसल्यासारखा दिसू लागला, की गुडघा पुरेसा वर येत नाही. गुडघा वर आला नाही की मांडीला वरून खाली जोराने यायला जागाच मिळत नाही. त्यामुळे पायाचा दोष वाटतो तो कधीकधी पोट आणि कंबरेच्या कमकुवतपणातून आलेला असतो.

हातांचं काय?

'हात मार, हात मार' ही आरोळी प्रत्येक ग्राउंडवर ऐकू येते. ती बरोबर आहे, पण ज्या कारणासाठी दिली जाते त्यासाठी नाही. हात शरीराला पुढे ढकलत नाहीत. उजवा पाय पुढे आला की कंबर एका बाजूला वळते, आणि डावा हात पुढे येऊन ते वळणं तोलून धरतो. वेयंड यांच्याच गटाच्या 2022 च्या अभ्यासात धावपटूंना हात छातीवर बांधून 30 मीटर पळायला लावलं. वेग घटला तो जेमतेम 1.6 टक्के.

आता हे वाचून कुणी हात सोडून देऊ नये. 12.40 सेकंदांच्या पोराला 1.6 टक्के लावले तर 12.60 होतात. गेले दोन मार्क. पण तास तास हातांवरच घालवण्यात अर्थ नाही, एवढं मात्र नक्की. हात शरीरासमोर आडवे फिरू नयेत, खांदे कानाला लागू नयेत, मुठी आवळू नयेत. बाकी काम पायांचं.

पहिले 30 मीटर

सुरुवातीचा हिशेब मात्र वेगळा. तिथे नुसता जोर पुरत नाही, जोराची दिशा महत्त्वाची. फ्रान्सच्या जां-बेनुआ मोरां यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवलं की 100 मीटर चांगलं धावणारे सुरुवातीला आपला जोर मागच्या दिशेला जास्त वळवू शकतात. एकूण जोर किती, यापेक्षा ही दिशा वेळेशी जास्त जुळली. यासाठी टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर एका तिरक्या रेषेत हवं. कंबरेतून वाकणं वेगळं आणि अख्खं शरीर झुकवणं वेगळं. पहिल्या दोन पावलांतच मान वर करून सरळ उभं राहणारा पोरगा ही संधी गमावतो.

इथे मैदानही आड येतं. मागे ढकलायचं तर पायाखाली पकड हवी. 2024 ची चाचणी 19 जूनला, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली आणि काही ठिकाणी मैदानांवर चिखल झाला, म्हणून उमेदवारांनी ओरड केली. ते नुसतं रडगाणं नव्हतं. घसरणाऱ्या मातीत तोच पोरगा तेवढाच जोर लावूनही उशिरा पोहोचतो, आणि सुकलेल्या मैदानावर पळालेल्याशी त्याची तुलना होते.

सगळ्यांनी एकसारखंच धावायचं का?

नाही. 16 ऑगस्ट 2009 ला बर्लिनमध्ये 9.58 सेकंदांचा विश्वविक्रम करणाऱ्या उसेन बोल्टचा पाठीचा कणा वाकडा आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये त्याच्या धावण्याचं विश्लेषण केलं, तर उजव्या पायाचा जोर सुमारे 13 टक्के जास्त आणि डावा पाय जमिनीवर सुमारे 14 टक्के जास्त वेळ, असं दिसलं. जगातला सगळ्यात वेगवान माणूसही दोन्ही पायांनी सारखा धावत नव्हता. म्हणून रील्समध्ये दिसणारी 'परफेक्ट स्टाइल' जशीच्या तशी उचलणं धोक्याचं.

आपल्याकडचा पल्ला बघायचा तर 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या प्रणव गुरवने 10.32 सेकंदांत आणि सुदेष्णा शिवणकरने 11.76 सेकंदांत 100 मीटरचं सुवर्ण जिंकलं. मुलांच्या भरतीतले पूर्ण मार्क देणारे 11.50 सेकंद सुदेष्णाच्या वेळेच्या थोडेच पुढे आहेत. म्हणजे ही वेळ सहा महिने नुसतं पळून सहज येईल अशी नाही. 13.20 वरून 12.40 वर येणं मात्र अनेकांच्या आवाक्यातलं आहे.

घड्याळाचा फसवा खेळ

अजून एक गोष्ट, जिच्यामुळे ग्राउंडवर बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. हातातल्या स्टॉपवॉचने मोजलेली वेळ स्वयंचलित यंत्रणेपेक्षा कमी भरते, कारण बटण दाबणाऱ्याला सुरुवातीचा इशारा कळून बोट हलवायला वेळ लागतो. अॅथलेटिक्समध्ये 100 मीटरसाठी हा फरक 0.24 सेकंद धरतात. सरावात 12.40 दिसलेला पोरगा यंत्राच्या मोजणीत 12.64 निघू शकतो. सरावाची वेळ हातघड्याळाची असेल तर तिच्यात पाव सेकंद मिळवूनच टप्पा बघावा.

पाऊल कुठे पडतं हे मोबाइलवरही तपासता येतं. मित्राला ट्रॅकच्या बाजूला 50 मीटरच्या खुणेवर उभं करून स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगायचं. पाय टेकतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवला की पाऊल कंबरेच्या किती पुढे आहे ते दिसतं.

आणि दुखापत. 100 मीटरच्या सरावात सगळ्यात जास्त धोका मांडीच्या मागच्या स्नायूला, म्हणजे हॅमस्ट्रिंगला असतो. पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीवर टेकायच्या बेतात असतो, तेव्हा हा स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक लावत असतो, आणि बहुतेकदा तिथेच फाटतो. आठवडाभर 5 किलोमीटर मारून थकलेल्या पायांनी एकदम पूर्ण जोरात 100 मीटर मारायला गेलं की ही भीती वाढते. यावर नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे, आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं, जमेल तितकं सावकाश. खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांमध्ये हा व्यायाम नियमित करणाऱ्यांच्या हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्याला जिम लागत नाही, सतरंजी आणि एक मित्र पुरतो. फक्त सुरुवात आठवड्याला दोनदा, चार-पाच वेळांनीच करायची, कारण पहिल्या आठवड्यात मांड्या चांगल्याच दुखतात.