रोजा, पतपेढी आणि चाळिसावा हिस्सा

रमजान महिन्यात आमच्या घरी येणारं वाणसामान पाहिलं तर एखाद्या परक्या माणसाला वाटेल, ही मंडळी अकरा महिने उपाशी राहतात आणि या एकाच महिन्यात जेवतात. तेल दुप्पट, बेसन तिप्पट, वर खजूर, फळं, सरबताच्या बाटल्या. हे मी बोललो की घरात वातावरण तापतं, पण वाण्याची वही काही खोटं बोलत नाही.

म्हणून "रोज्याने काटकसर अंगी येते" असं कुणी भाषणात म्हणालं की मला हसू येतं. शाळेत असताना मीही हे वाक्य मुलांसमोर ठोकून दिलेलं आहे, कबूल करतो. नुसत्या भुकेने काटकसर येत नाही. भुकेला माणूस बाजारात गेला तर चार जिन्नस जास्तच घेतो. खोटं वाटत असेल तर रमजानात आमच्या मिरजेत असरच्या नमाजनंतर बाजारात एक चक्कर मारून पाहा. तरीसुद्धा सत्तरी ओलांडल्यावर मला असं वाटू लागलंय की पैशाबद्दल जे शिकायचं ते या महिन्यात शिकता येतं. आम्ही ते शिकणं जेवणाच्या वेळापत्रकापुरतं ठेवलं, एवढंच.

१९८६ सालची गोष्ट सांगतो. त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता. (चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी फिरून त्याच जागी येतो. २०३० साली तर एक रमजान जानेवारीत आणि दुसरा डिसेंबरच्या शेवटी सुरू होईल. पगारदारांनी आत्ताच लिहून ठेवलेलं बरं.) चौदा तासांचा रोजा, बाहेर रखरखीत ऊन आणि कोपऱ्यात गार पाण्याचा माठ. माठ माझा, पाणी माझं, बघणारं कुणी नाही. तरी हात तिकडे जात नव्हता. आणि असा हा संयमी माणूस त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पतपेढीतून अडीच हजारांचं कर्ज काढून आला! मुलांचे कपडे, बहिणीच्या घरी द्यायचे कपडे, ईदला येणाऱ्या पाहुण्यांसमोर मांडायला नवा कपबशांचा सेट, आणि शेजाऱ्यांनी घेतला म्हणून मिक्सर. व्याज घेणं तसं देणंही आमच्यात निषिद्ध, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण "सगळेच शिक्षक काढतात" असा फतवा मी स्वतःच स्वतःला देऊन टाकला.

पुढची ईद आली तेव्हा ते कपडे मुलांना आखूड झाले होते आणि पगारातून हप्ता अजून कापला जात होता.

त्या दुसऱ्या ईदला मला माठ आठवला. माठातलं पाणी काही हराम नव्हतं. रोजा पाण्याला "कधीच नाही" म्हणत नाही, "आत्ता नाही, मगरिबला" म्हणतो. हप्त्यावरची खरेदी बरोबर उलटं शिकवते: वस्तू आत्ता, कमाई मागाहून. तीस दिवस जिभेला थोपवणारा मी पाकिटाला तीस मिनिटंही थोपवू शकलो नव्हतो. मग मी एक वही केली. घरखर्चाबाहेरचं काही घ्यावंसं वाटलं की आधी वहीत लिहायचं आणि पुढचा चंद्र दिसेपर्यंत थांबायचं. फार काही अवघड नव्हतं. बऱ्याचशा वस्तू चंद्र दिसायच्या आतच माझ्या मनातून उतरत. बायकोने मात्र त्या वहीला "कंजूषनामा" असं नाव ठेवलं, ते आजही चालू आहे.

जकातीची गोष्ट याहून महत्त्वाची वाटते. ती रोज्याचा भाग नाही, पण पुण्य जास्त म्हणून बहुतेक लोक रमजानातच काढतात. वर्षभर आपल्याकडे राहिलेली संपत्ती निसाबाइतकी, म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी असेल, तर तिचा चाळिसावा हिस्सा, शेकडा अडीच, गरजूंना द्यायचा. देण्याचं महत्त्व सगळे सांगतात. पण द्यायच्या आधी मोजावं लागतं, याकडे कुणाचं लक्ष नसतं. वर्षातून एकदा कागद घेऊन बसायचं, रोकड, बँकेतली शिल्लक, सोनं-चांदी, दुकानातला माल, लोकांकडून येणं हे सगळं मांडायचं आणि आपलं देणं त्यातून वजा करायचं. राहतं घर, वापरातली गाडी, अंगावरचे कपडे यांना या कागदावर जागा नाही. म्हणजे ज्यांच्यावरून लोक आपल्याला श्रीमंत समजतात, नेमक्या त्याच गोष्टी हिशेबाबाहेर! बायकोचे दागिने तिचे. त्यांचा हिशेब तिचा, जकातही तिची.

२०२२ च्या रमजानात धाकटा पुण्याहून आला होता. चांगली नोकरी, गाडी, महागडा फोन. त्या वर्षी त्याने सोसायटीत मोठी इफ्तार दिली होती, तिचे फोटो सगळ्यांना दाखवून झाले. म्हटलं, चल, जकातीचा कागद करू. तो हसत बसला. खात्यात सत्तर हजार. मग देणं विचारलं तेव्हा हसू गेलं. दोन क्रेडिट कार्डं, फोनचे हप्ते, मित्राकडून घेतलेले उसने. फ्लॅटचं कर्ज मी विचारातही घेतलं नव्हतं, तरी बेरीज साडेतीन लाखांवर गेली. त्याच्यावर जकात नव्हतीच. उलट जकात ज्यांना देता येते त्या आठ वर्गांत कर्जात अडकलेला माणूसही येतो, हे मी बोललो नाही, पण त्याला माहीत होतं. इफ्तारचे फोटो काढणारा पोरगा कागदाकडे बघत म्हणाला, "अब्बा, हे अम्मीला सांगू नका."

मी सांगितलं नाही. १९८६ चं मात्र त्याला सगळं सांगितलं. मिक्सर त्याला आठवत होता, कर्ज माहीत नव्हतं.

यंदा विसाव्या रोज्याला त्याचा फोन आला. कार्डं बंद केली, उसने फिटले, कागद त्याचा त्यानेच केला होता. म्हणाला, "अब्बा, चांदीच्या हिशेबाने जकात बसते, सोन्याच्या हिशेबाने बसत नाही. कुठला धरू?" मी म्हटलं, मौलानांना विचार. मागून त्याच्या अम्मीचा आवाज आला, "चांदीचा धर म्हणावं!" म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं तर.