सोलापूर रस्त्यावरचा ‘पडीक’ माळ

(एक विद्यार्थिनी, बी. कॉम. द्वितीय वर्ष)

आमच्या वर्गात सहलीचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक गोव्याचा, दुसरा जैसलमेरचा. गोव्याला घरून परवानगी मिळणार नाही हे सर्वांना मनातून ठाऊक असल्यामुळे यंदा जैसलमेरचे पारडे जड आहे. उंट, वाळूवरचा सूर्यास्त, आणि १९८० साली राखून ठेवलेले तेथील ‘मरु राष्ट्रीय उद्यान’ असा एकंदर बेत आहे. जैसलमेरला माझा विरोध नाही. परंतु दोन-दोन रात्री आगगाडीत काढून जे पाहावयाला जायचे, त्याचे सख्खे भावंड आपल्या दाराशी असावे आणि जामबागेत त्याची कुणाला वार्ताही नसावी, हे काही मला पटत नाही.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत असतो. गेल्या वर्षी तो ‘रूट ६६’ या जुन्या रस्त्याने मोटारीतून हिंडला. शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणारा हा रस्ता १९२६ सालचा. १९८५ मध्ये सरकारी यादीतून तो काढून टाकला, तरी लोक मुद्दाम त्या वाटेने जातात. वाटेत अॅरिझोना राज्यातील रुक्ष पठारावर एक राष्ट्रीय उद्यान लागते. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची झाडे तेथे दगड होऊन पडली आहेत. जुना रस्ता उद्यानातून जेथून जात असे, त्या जागी खूण म्हणून १९३२ सालची एक गंजलेली मोटार उभी करून ठेवली आहे. हे फोटो मोबाईलवर पाहताना आई सहज म्हणाली, “अगं, हा तर आपल्या उमरग्याकडचा माळ दिसतोय!” आईचे माहेर हुमनाबादचे, त्यामुळे सोलापूरचा रस्ता तिला तोंडपाठ आहे. डिसेंबरच्या सुट्टीत मामाची जीप, आम्ही चार भावंडे आणि डबाभर धपाटे, अशी स्वारी निघाली ती या वाक्यामुळेच.

आता आपल्या रस्त्याविषयी. हल्ली याचा क्रमांक ६५, पूर्वी ९ होता. पुण्याहून निघून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करीत तो मच्छलीपट्टणच्या समुद्रापर्यंत जातो. सतराव्या शतकात गोवळकोंड्याचा व्यापार याच बाजूने मच्छलीपट्टण बंदराकडे वाहत असे. हैदराबाद ते सोलापूर हा सुमारे तीनशे किलोमीटरचा तुकडा तीन राज्यांतून जातो. झहीराबादपर्यंत पाट्या तेलुगू, हुमनाबादेत कन्नड, उमरग्याच्या अलीकडे मराठी. जमीनही तशीच बदलते. झहीराबादजवळची माती तांबडीलाल, आणि पुढे ती हळूहळू काळी होत जाते.

नळदुर्गला मामाने जीप थांबविली. बोरी नदीवरचा किल्ला आणि इब्राहिम आदिलशहाच्या काळातला पाणीमहाल पुष्कळांनी पाहिला असेल. परंतु १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेनेची मुख्य तुकडी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली सोलापुराहून याच वाटेने निघाली, आणि तिला पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरीचा पूल शाबूत हस्तगत करावयाचा होता, हे आमच्या वर्गात विचारून पाहा! तो पूल मिळाला. मग जळकोट, उमरगा, तलमोड, हुमनाबाद, झहीराबाद, आणि १८ तारखेला निजामाचे सेनापती एल इद्रूस यांची शरणागती. ज्या रस्त्याने आमच्या हैदराबादचे भवितव्य चालत आले, त्या रस्त्याने आम्ही बसमध्ये पडदा ओढून झोपत जातो.

सोलापूरपासून बार्शी रस्त्याला वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. द्राक्षवाल्यांना हे गाव ‘सोनाका’मुळे माहीत आहे, तो वाण येथल्याच नानासाहेब काळे यांनी काढला. गावाबाहेर द्राक्षबागांचे मांडव संपले की एकाएकी काहीच नाही असे वाटते. पिवळे गवत, मुरूम, दूरवर एखादी बोर किंवा हिवर, आणि वर भले मोठे आकाश. हेच माळढोक पक्षी अभयारण्य. खरे वाळवंट नव्हे, पण पावसाच्या बाबतीत त्याचे शेजारी म्हणता येईल असे रान. माझा धाकटा मामेभाऊ उतरल्याबरोबर म्हणाला, “ताई, इथं बघायचं काय?”

पहिली दहा मिनिटे मलाही तो प्रश्न पडला होता. मग मामाने बोलणे बंद करावयास सांगितले. गवतातून एक खोकड आमच्याकडे पाहत उभे होते, किती वेळ कोण जाणे. काळविटांचा कळप उंचवट्यावरून उतरला आणि पुढच्या नराने अशी उडी घेतली की जमिनीला स्प्रिंग असावी. मध्य आशियातून हिवाळ्यापुरता येणारा भोवत्या गवताच्या शेंड्यांना पंख लागतील इतका खाली तरंगत गेला. चंडोल तर जागोजाग. माळ रिकामा नसतो. तो लपलेला असतो आणि आपण थांबत नाही.

माळढोक मात्र दिसला नाही. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण जैसलमेर-पक्षाचा पहिला आक्षेप हाच असणार. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी; उडू शकणाऱ्या पक्ष्यांतला एक सर्वांत वजनदार. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. डॉ. सालीम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याचे नाव सुचविले होते. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. कन्नडात त्याला ‘एरेभूत’ असे एक नाव आहे. आमची आजी काळ्या रानाला ‘एरे’ म्हणते, तेव्हा हे काळ्या रानातले भूत झाले. (कन्नड विभागाच्या संपादकांनी माझा उच्चार सुधारावा.) नाव अगदी खरे ठरले आहे. जगात आता दीडशेपेक्षा कमी माळढोक उरले असून त्यांतील बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. नान्नजच्या अलीकडच्या गणनांत एखादाच पक्षी दिसल्याच्या बातम्या येतात. म्हणून तर जायचे! जैसलमेरला जे आहे ते पाहाल, नान्नजला ते कसे जाते हे पाहाल.

आणि ते जाते कसे, याचे उत्तर मला वाणिज्याच्या पुस्तकात सापडले. ज्याची किंमत पैशांत मांडता येत नाही त्याला हिशेबात जागा नाही, असे आम्ही पहिल्याच धड्यात शिकतो. माळाचे तेच झाले. धनगराच्या मेंढ्या तेथे चरतात, पण चराईची पावती फाडली जात नाही. म्हणून माळ ‘पडीक’. आपल्या देशाचा पडीक जमिनींचा एक नकाशासंग्रह निघतो. त्याचे उपग्रहावरचे काम आमच्याच शहरात, बालानगरच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात होते. त्यात झुडपी माळाची गणना पडीक जमिनीतच आहे. एकदा पडीक म्हटले की तेथे काहीही करणे हा विकासच! कारखाना, पवनचक्क्या, वसाहत. आणि काहीच सुचले नाही तर वृक्षारोपण.

वृक्षारोपणाविरुद्ध बोलणे म्हणजे आईविरुद्ध बोलण्यासारखे आहे, हे मला कळते. तरीही कर्नाटकातल्या राणेबेन्नूरचे उदाहरण घ्या. तेथे १९७४ मध्ये काळवीट अभयारण्य झाले; माळढोकही होता. त्या गवताळ रानात निलगिरीची लागवड झाली. माळढोकाला चारी बाजूंना दूरवर दिसले पाहिजे. झाडीत तो राहत नाही. आज तेथे तो नाही. झाड लावताना फोटो काढणाऱ्यांच्या मनातही येत नाही की आपण कुणाचे तरी घर मोडतो आहोत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले तेव्हा व्याप्ती कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास गेली. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सगळे आले. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीचे व्यवहार एका पक्ष्यापायी अडले, तो त्या पक्ष्यावर प्रेम कसे करणार? अखेर ही व्याप्ती सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावी लागली. ऐपत नसताना मोठ्या रकमेची हुंडी लिहून देण्यातला हा प्रकार. त्या तीसेक वर्षांत ज्वारी-हरभऱ्याच्या जागी ऊस आणि द्राक्षे आली. ज्वारीच्या रानात माळढोक नाकतोडे टिपत हिंडत असे. मांडवाखाली त्याला जागा नाही. द्राक्षवाल्याला दोष देण्याचा अधिकार निदान मला नाही, कारण परतताना आम्हीच त्याच्याकडून दोन पेट्या घेतल्या. पण जो शेतकरी ज्वारी ठेवील आणि बांधालगतचा माळ नांगरणार नाही, त्याला त्याचे रोख पैसे मिळाले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. साखरेला आधार आहे, खताला आहे; मग गवतालाच का नसावा?

राजस्थानात विजेच्या तारांवर आदळून माळढोक मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये आदेश द्यावा लागला, आणि सौरऊर्जेच्या अडचणी पाहून २०२४ मध्ये तो बदलावाही लागला. तेथे भांडायला निदान पक्षी तरी आहेत.

सहल समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. माझा प्रस्ताव असा. शुक्रवारी रात्री महात्मा गांधी बसस्थानकावरून सोलापूरची गाडी, शनिवारी पहाटे थेट नान्नज, दुपारी सिद्धेश्वराचे दर्शन आणि शेंगाचटणीची खरेदी, रविवारी येताना नळदुर्ग. खोल्यांचे व परवानगीचे वनखात्याशी बोलण्याचे काम मी करीन, वर्गणीचा हिशेबही ठेवीन. कन्नड विभागातल्या मैत्रिणींपैकी दोघींनी नावे दिली आहेत. गोव्याच्या पक्षाला समुद्रच हवा असेल, तर सिद्धेश्वराचा तलाव पुष्कळ मोठा आहे.