टीव्हीवरचा जंगलवीर साप चावल्यावर कामी येतो का?

डिस्कव्हरीवरचा 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' हा कार्यक्रम आपल्याकडे आधीपासून बघितला जात होताच. पण १२ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी बेअर ग्रिल्ससोबत कॉर्बेटच्या जंगलात दिसले आणि हा माणूस घराघरांत पोहोचला. २०२० मध्ये रजनीकांत बांदीपूरच्या जंगलात गेले, त्यानंतर अक्षय कुमार, अजय देवगण आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर रणवीर सिंग. आता या सगळ्याचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे मुलांच्या मोबाइलवर फिरत असतात. केळझरच्या मागे बोरचं जंगल आहे. २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. त्यामुळे इथे हा विषय नुसत्या करमणुकीचा राहत नाही. "डॉक्टर, त्यात दाखवतात ते खरंच चालतं का हो?" असं पेशंट विचारतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बघायला मजा येते, जरूर बघा. पण त्यातले उपचार करू नका.

हे कार्यक्रम कसे बनतात ते लक्षात घ्या. बेअर ग्रिल्स हा ब्रिटिश सैन्याच्या विशेष दलात प्रशिक्षण घेतलेला माणूस आहे. १९९६ मध्ये पॅराशूटच्या अपघातात त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि तरीही १९९८ मध्ये त्याने एव्हरेस्ट सर केलं. त्याच्या धाडसाबद्दल शंका नाही. मात्र तो 'एकटा' दिसतो तेव्हा समोर कॅमेरा धरणारा माणूस असतोच. २००७ मध्ये तर असंही बाहेर आलं की काही भागांच्या चित्रीकरणात तो रात्री हॉटेलात मुक्कामाला होता. त्यानंतर कार्यक्रमात तशा सूचना दाखवायला लागले. (आपल्या गावाला एकचक्रानगरी मानतात, भीमाने बकासुर इथेच मारला म्हणतात. भीमाच्या गाडीमागे निदान मदतीची दुसरी गाडी नव्हती.)

आता मुख्य मुद्दा सर्पदंशाचा. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. हे मरणारे गिर्यारोहक नव्हते. बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे किंवा घरात जमिनीवर झोपलेले लोक होते. सिनेमात आणि टीव्हीवर पिढ्यान्‌पिढ्या एकच दृश्य चालत आलंय: नायक दोरी आवळतो, चाकूने चीर देतो, तोंडाने विष ओढून थुंकतो, आणि पुढच्या दृश्यात पेशंट हसत असतो. या तिन्ही गोष्टींनी नुकसान होतं.

विष चोखून निघत नाही. दात आत रुततात तेव्हा विष मांसात खोलवर जातं आणि पसरू लागतं. ओढण्याच्या खास उपकरणांनीसुद्धा बाहेर येणारं विष नगण्य असतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. चीर देणं त्याहून वाईट. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. अशा वेळी ब्लेडने केलेली जखम थांबता थांबत नाही. विष राहिलं बाजूला, आधी आपण केलेला रक्तस्राव आवरत बसावं लागतं. घट्ट दोरी बांधली तर हातपायाचा रक्तपुरवठा तुटतो, विष तिथेच साचून मांस सडतं आणि दोरी सोडली की ते एकदम अंगात जातं. म्हणून आधीच कुणी दोरी बांधली असेल तर रस्त्यात सोडू नका, दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांसमोरच सोडू द्या.

आणि मण्यार? तिच्यासाठी तर टीव्हीवाल्यांना दृश्यच सापडणार नाही. ती रात्री चावते, झोपेत चावते, बहुधा दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूणही दिसेल असं नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. घरचे लोक अपचन समजून ओव्याचं पाणी देतात आणि तेवढ्यात श्वासाचे स्नायू ढिले पडू लागतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असा त्रास झाला तर साप दिसला नसला तरी दवाखाना गाठा. वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर मण्यार चावलेला माणूस काही दिवसांनी चालत घरी जाऊ शकतो. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणं.

खरा इलाज एकच: प्रतिविष, म्हणजे अँटीव्हेनम. घोड्याच्या रक्तापासून तयार होणारं हे औषध मुंबईच्या हाफकिनमध्येही बनतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर ते चालतं. विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या शिरेतून द्याव्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने मुलाला विष कमी दिलेलं नसतं. त्याची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून ते घरी किंवा शेतात द्यायचं औषध नाही. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं स्थिर ठेवतात आणि ते गोठतं का ते बघतात. तुम्हाला वाटतं डॉक्टर नुसते घड्याळ बघत बसलेत. ती तपासणी चालू असते.

दुसरा लोकप्रिय प्रकार म्हणजे तहान लागली की स्वतःची लघवी पिणं, हत्तीच्या शेणातून पाणी पिळणं वगैरे. आपल्या लोकांना यात फार नवल वाटत नाही, कारण मोरारजी देसाईंनी स्वमूत्राचा पुरस्कार पंतप्रधान असतानाच केला होता. पण वर्ध्याच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत पाणी कमी पडलेल्या शरीरातून येणारी लघवी म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकलेले क्षार. ते परत पोटात घातले की तोच भार पुन्हा मूत्रपिंडावर. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे सोबत नेलेलं बरं. उन्हात काम करणारा माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

पुस्तकांबद्दल माझं मत जरा बरं आहे, पण वाचणारा भलतंच लक्षात ठेवतो. अमेरिकेतला गिर्यारोहक अ‍ॅरन रॉल्स्टन २००३ मध्ये युटाच्या एका घळीत दगडाखाली हात अडकून पाच दिवसांहून जास्त पडून होता. शेवटी त्याने स्वतःचा हात कापून सुटका केली. त्याने पुस्तक लिहिलं, २०१० मध्ये त्यावर '१२७ अवर्स' हा सिनेमा निघाला. सगळ्यांना हात कापल्याचं आठवतं. तो कुठे जातोय हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, हे फार थोड्यांना आठवतं. शिवाय असं पुस्तक वाचलेला माणूसच लिहितो. तसंच काही करायला जाऊन जे गेले, त्यांचं पुस्तक येत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट घळीत घडत नाही, वावरात घडते. दिवसा वीज नसते म्हणून माणूस रात्री एकटा ओलिताला जातो. पायात चप्पल, टॉर्च नाही, मोबाइलची बॅटरी संपलेली, आणि घरी कुणाला ठाऊक नाही की तो आज कोणत्या वावरात आहे. साप चावतो एक वाजता आणि शोध सुरू होतो पाच वाजता. गमबूट, काठी, टॉर्च आणि "विहिरीकडच्या तुकड्यात जातोय, दोनपर्यंत येतो" एवढं एक वाक्य ही आपली जगण्याची साधनं.

चावलाच, तर सापामागे धावू नका, त्याला मारून पिशवीत घालून आणू नका. अंगठी, कडं, चपला काढा. तो हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा पट्टीला बांधून स्थिर ठेवा आणि माणसाला चालवू नका. १०८ यायला वेळ लागत असेल तर मोटारसायकल चालते: एक जण पुढे, पेशंट मध्ये, एक जण मागे त्याला घट्ट धरून. केळझरहून वर्धा साधारण २५ किलोमीटर आहे. निघतानाच घरच्या कुणीतरी दवाखान्यात फोन करून दोन प्रश्न विचारावेत: अँटीव्हेनम आहे का आणि व्हेंटिलेटर रिकामा आहे का. नाही म्हणाले तर तिथूनच गाडी दुसरीकडे वळवा.