तान्ह्याचा प्रवास आणि घराची परीक्षा

मे महिना उजाडला की मुंबई-पुण्याच्या एस. टी. स्थानकांवर आणि रेल्वेच्या फलाटांवर एक परिचित दृश्य दिसू लागते. वडिलांच्या खांद्यावर बोजड पिशवी, हाताशी थोरले मूल, आणि आईच्या कडेवर दुपट्यात गुंडाळलेले सातआठ महिन्यांचे बाळ. कचेरीतून मोठ्या मिनतवारीने आठ दिवसांची रजा मिळालेली असते. आई शिक्षिका असेल तर तिला हक्काची सुट्टीच असते. गावी आजी-आजोबा डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत असतात. नातवंडाचे जावळ काढायचे असते, त्याला कुलदैवताच्या पायांवर घालायचे असते, भावकीत मिरवायचे असते. हा सारा बेत बाळासाठी म्हणून आखलेला असतो. परंतु बाळाच्या सोयीचा विचार त्यात बहुधा सर्वांत शेवटी येतो.

रेल्वेत पाच वर्षांखालील मुलासाठी स्वतंत्र जागा मागितली नाही तर भाडे पडत नाही. सवलत रास्तच आहे. पण ज्याचे तिकीट नाही त्याची जागाही नाही, असा तिचा दुसरा अर्थ होतो. रात्रभराच्या प्रवासात आईने अरुंद फळीवर कुशीवर निजावे आणि बाळ खाली पडू नये म्हणून डोळ्याला डोळा लागू देऊ नये, हीच आजवरची रीत आहे. २०२२ च्या मे महिन्यात लखनौ मेलच्या एका डब्यात आईच्या बाकाला जोडलेली बाळाची छोटी फळी प्रयोगादाखल बसविण्यात आली, तेव्हा तिचे कौतुक देशभर झाले. देशात रेल्वे सुरू झाली १८५३ मध्ये. या सर्वांत लहान प्रवाशाकडे लक्ष जाण्यास किती काळ लागला, हे त्या कौतुकातच दिसून आले.

म्हणून तान्ह्या मुलाला घेऊन कोणी गावी जाऊच नये, असे मुळीच नव्हे. नातवंडाला मांडीवर घेण्याचे सुख दूरध्वनीच्या पडद्यावर मिळत नाही, आणि चार भिंतींच्या बिऱ्हाडात वाढणाऱ्या मुलाला आजीचा हात, आजोबांचा खांदा आणि अंगणातली माती मिळणे ही मोठी ठेव आहे. प्रश्न जाण्याचा नाही. गेल्यावर मूल आजारी पडले तर घर कसे वागते, हा खरा प्रश्न आहे. सुट्टीतल्या चार आनंदी दिवसांत ज्या गोष्टी झाकून राहतात, त्या एका रात्रीच्या आजारपणात उघड्या पडतात.

गावी जाऊन तीन दिवस झालेले असतात. प्रवासाचा शीण, बदललेले पाणी, येणाऱ्याजाणाऱ्याने प्रेमाने भरवलेला घास, न उकळलेली दुधाची बाटली, यांपैकी काहीही कारण पुरते. बाळाला जुलाब सुरू होतात. मग घरातले प्रत्येक माणूस निदान करू लागते. एक म्हणते, दात येत असतील. दुसऱ्याच्या मते आईने आंबा खाल्ला तो अंगावरच्या दुधातून बाधला. तिसऱ्याला दृष्ट लागल्याची खात्री असते. चौथे सल्ला देते की, पोटाला विश्रांती द्या, आज दूधपाणी बंद ठेवा. मते अनेक असतात, पण जागरण एकटीचे असते. आणि दोषही अखेरीस तिच्याच पदरी पडतो. ‘शहरातल्या मुलींना पोरे सांभाळता येत नाहीत’ हे वाक्य कोणी उघड बोलते, कोणी नुसते सुचविते. या चर्चेत दिवस मावळतो, आणि तोच दिवस सर्वांत मोलाचा असतो.

तान्ह्या मुलाचा अतिसार जिवावर बेततो तो बहुतेक वेळा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. मोठ्या माणसाला दहा जुलाब झाले तर अशक्तपणा येतो. सातआठ किलो वजनाच्या बाळाच्या बाबतीत काही तासांत डोळे खोल जातात, टाळू आत ओढली जाते, लघवी थांबते, रडतानाही अश्रू येत नाहीत. अशा वेळी दूधपाणी तोडणे म्हणजे आगीतून फुफाट्यात लोटणे होय. दातांचे म्हणाल तर त्यांची येण्याची वेळ आणि मूल रांगत रांगत हाती येईल ते तोंडात घालू लागण्याची वेळ एकच असते. दोष दातांवर जातो, जंतू मात्र हाताने पोटात गेलेले असतात.

या आजारावरचा उपाय फार स्वस्त आहे, आणि त्याची कसोटी लागली ती भारतीय भूमीवर. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांचे लोंढे आले आणि पटकीची साथ उसळली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून ते पिण्यास देण्याचा निर्णय घेतला. पाजण्याचे काम बहुतांशी रुग्णांच्या नातलगांनीच केले, आणि छावणीतील मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. साखरेच्या संगतीने आतड्यातून मीठ शोषले जाते आणि मिठापाठोपाठ पाणीही शरीरात मुरते, एवढेच त्यामागचे शास्त्र. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या शोधाची गणना शतकातील अत्यंत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. डॉ. महालनवीस २०२२ मध्ये निवर्तले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर जाहीर झाले. महाराष्ट्रात या द्रावणाला ‘जलसंजीवनी’ असे समर्पक नाव मिळाले आहे.

जलसंजीवनीचे पाकीट प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशा कार्यकर्तीकडे मिळते. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून काम निभावता येते. मात्र माप अंदाजाने घेऊन चालत नाही, आणि केलेले द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे लागते. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. सहा महिन्यांखालील बाळाला तर तेच सर्वांत आधी. जोडीला डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या. बाजारात मिळणारी गोड पेये हा याला पर्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ ही अक्षरे छापण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली, ती याच फसगतीमुळे.

बनगावच्या अनुभवाला अर्धशतक उलटले. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, अतिसार झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ६० टक्क्यांनाच जलसंजीवनी मिळाली होती, आणि जस्त तर सुमारे ३० टक्क्यांना. औषध महाग नाही, दुर्मीळ नाही, कडूही नाही. मग ते दहांपैकी चार मुलांच्या ओठांपर्यंत का पोहोचत नाही? अज्ञान हे एक कारण खरे. पण ज्या घरात दोघेही पदवीधर आहेत, तेथेही सुट्टीतल्या त्या रात्री पाकीट फोडायला उशीर होतो. त्याचे कारण अज्ञानात नव्हे, घराच्या रचनेत शोधावे लागते.

बाळाचे सर्व काही करण्याची जबाबदारी आईची. पण बाळाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार मात्र तिचा एकटीचा नाही. शाळेत पन्नास मुलांना शिस्त लावणारी शिक्षिका सासरच्या ओसरीवर आल्यावर, बाळाला दवाखान्यात न्यायचे की नाही हे विचारण्यासाठी दोन दारे ओलांडते. नवरा आईकडे पाहतो, आई वडीलधाऱ्यांकडे पाहते, आणि सगळे मिळून उद्याच्या सकाळकडे पाहतात. यात कोणी दुष्ट नसते. सर्वांचा जीव बाळात गुंतलेला असतो. परंतु ज्याला माहिती आहे त्याच्या हाती निर्णय नाही आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला माहिती नाही, अशी ही फारकत आहे. तिची किंमत घरातल्या सर्वांत लहान माणसाला मोजावी लागते.

यावर आजीला दोष देऊन मोकळे होणे हा सोपा, पण अन्यायाचा मार्ग ठरेल. आजीच्या शहाणपणात खरे सोने पुष्कळ आहे. मूल आजारी असतानाही त्याला अंगाशी धरून पाजणे, भाताची पेज थोडी थोडी भरवणे, बाळंतिणीला विसावा मिळावा म्हणून पाळण्याची दोरी स्वतःच्या हाती घेणे, हे शास्त्राला मान्यच आहे. सहाव्या महिन्याच्या सुमाराचे उष्टावण आणि वरचे अन्न सुरू करण्याविषयीचा आजचा वैद्यकीय सल्ला यांची वेळही जवळपास जुळते. पण वर्षाखालील बाळाला मध चाटवणे, गुटी उगाळून देणे, जुलाबात पाणी तोडणे या गोष्टी सोडाव्याच लागतील. दृष्ट काढायला दोन मिनिटे लागतात. ती काढून आजीच्या मनाला शांती मिळत असेल तर वाद घालू नये. मात्र मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या की लगेच वाटी-चमचा हाती घ्यावा. मीठ नुसते ओवाळण्याचे नव्हे, ते साखरपाण्यातून चमच्याचमच्याने पाजण्याचे आहे, हे आजीला पटवता येते. आदराने सांगितले तर ती ऐकते, असा पुष्कळ घरांचा अनुभव आहे.

मात्र हे सांगण्याचे काम सुनेवर सोपवणे म्हणजे तिला पुन्हा एकटे पाडणे होय. ते मुलाने, म्हणजे बाळाच्या वडिलांनी करावयास हवे. बाळाचे वडील हे आजारपणातील पाहुणे नव्हेत. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीची प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली, हे योग्यच झाले. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्व रजा मिळते ती पंधरा दिवसांची; खाजगी नोकरीतील पित्यासाठी तशी सक्ती करणारा देशव्यापी कायदाच नाही. कायदा असे गृहीत धरून चालला की घरही तसेच गृहीत धरते. मग सुट्टीतही वडिलांची सुट्टी आंब्याच्या राशीपाशी, पत्त्यांच्या डावात आणि जुन्या मित्रांत जाते. आईची सुट्टी लंगोट धुण्यात आणि झोळी हलवण्यात. ती शहरात परतते ती अधिक थकून.

शासनाचा वाटाही येथे आहे. कडेकोट बंद झालेल्या रायगडावरून तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात प्रत्येक मुलाला ठाऊक असते. एस. टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांना तिचेच नाव दिले आहे. नाव उत्तम आहे. पण त्या खोलीला कुलूप असेल किंवा आत पंखा, बाक आणि पाणी नसेल, तर आजच्या आईनेही कडाच उतरावा अशी अपेक्षा ठेवल्यासारखे होईल. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार आणि वाहनाची तरतूद आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. या सोयी सुट्टीच्या दिवसांत, रात्रीच्या वेळी आणि आडगावी चालू असणे, हीच त्यांची खरी परीक्षा होय. आणि त्या आहेत हे सुट्टीवर आलेल्या कुटुंबाला माहीतही असले पाहिजे.

म्हणून निघण्यापूर्वीच्या यादीत अंगडी-टोपडी, दुपटी आणि खेळण्यांच्या जोडीला चार गोष्टी असाव्यात: लसीकरणाचे कार्ड, जलसंजीवनीची पाकिटे, गावाजवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता, आणि चौथी, जी पिशवीत मावत नाही ती, म्हणजे घरात आधीच झालेला करार. बाळ मलूल झाले, पिईनासे झाले, सहा तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले, किंवा तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, तर कोणालाही न विचारता दवाखाना गाठायचा. आणि तो निर्णय आईने घेतला तरी त्याला कोणी आव्हान द्यायचे नाही. घरात महाविद्यालयात शिकणारा काका किंवा आत्या असेल तर पाकिटावरची सूचना मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम त्यांचे. शिक्षणाचा याहून तातडीचा उपयोग क्वचितच सापडेल.

सुट्टी संपते, गाड्या परततात, आणि गावचे घर पुन्हा शांत होते. बाळाला या प्रवासातले काहीच आठवणार नसते. कडेवर कोणी घेतले, रात्री कोण जागले, चमच्याने पाणी कोणी पाजले, हे ते मोठेपणी सांगू शकणार नाही. पण त्या रात्री घरात वाद झाला की पाणी उकळले गेले, यावर त्याचे मोठे होणेच अवलंबून असते. बाळाचे कौतुक करणारी घरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्याच्या आईवर विश्वास ठेवणारी घरे तितकीच झाली पाहिजेत.