पानांवरची काजळी : कारखान्याची की किडीची?

दुर्ग-भिलाईत बागेतल्या पानांवर काळा थर दिसला, की पहिला संशय जातो पोलाद कारखान्यावर. 1959 पासून इथली भट्टी पेटलेली आहे, तेव्हा संशय येणं साहजिकच! पण कुंतीच्या किंवा जास्वंदीच्या पानावरून ओलं बोट फिरवून पाहा. धूळ असेल तर सहज पुसली जाईल. बोटाला चिकट लागलं आणि काळा पापुद्रा सुटला, तर कारखान्याला दोष देऊ नका. त्या पानाच्या वरची फांदी तपासा.

तिथे मसुराएवढे तपकिरी, घुमटासारखे फुगवटे दिसतील. ते जागचे हलत नाहीत, सालीचाच भाग वाटतात आणि इथेच फसगत होते. ही खवले कीड. ती झाडाचा रस शोषते आणि गोड चिकटा खाली गाळते. त्यावर काळी बुरशी धरते. खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर ती याच गोडव्यासाठी.

शंका असेल तर फुगवटा नखाने हलकेच उचला. साल सोलली न जाता तो अलगद निघाला, तर कीडच. आता तो चिरडा. ओल लागली तर जिवंत, नुसता भुगा झाला तर मेलेली. मेलेले खवले कितीतरी महिने फांदीला चिकटून राहतात आणि आपण त्यांच्यावरच औषधं मारत बसतो!

कण्हेरीच्या पानांवर मात्र चपट्या, पांढुरक्या टिकल्या शोधा. या जातीचे खवले चिकटा गाळत नाहीत, त्यामुळे काजळी नाही, मुंग्याही नाहीत. पान तेवढं पिवळं पडत जातं.

गंमत म्हणजे छत्तीसगडात कुसुम, पळस आणि बोरीवर मुद्दाम पोसला जाणारा लाखेचा किडा याच गोतावळ्यातला.

कीड थोडी असेल तर जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरे. मोठ्या खवल्यांना कवचाचं संरक्षण असतं. फवारणी लागू पडते ती नुकत्याच जन्मलेल्या, रांगणाऱ्या पिल्लांवर. फांदीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी गुंडाळा. तिच्यावर पिवळसर ठिपके अडकू लागले, की लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. दहा दिवसांनी पुन्हा.

खवल्यांवर बारीक गोल भोकं दिसली तर मात्र फवारणी थांबवा. किडीला आतून पोखरणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या तिथून बाहेर पडलेल्या असतात. जहाल औषधाने आधी त्याच मरतील.