आधी नाव की आधी माल?

दुकानातील संगणकावर बिल करताना माहिती ठरलेल्या क्रमानेच भरावी, अशी सक्ती काही सॉफ्टवेअर करतात. आधी ग्राहकाचे नाव, मग मोबाईल, मग माल. एक रकाना रिकामा राहिला की पुढचा उघडतच नाही. ही सक्ती अनाठायी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सन 2017 च्या केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम 46 पाहा. बिलात कोणता तपशील असावा हे त्यात आहे. तो कोणत्या क्रमाने टाईप करावा हे नाही. दुकानातील विक्रीत नोंदणी नसलेल्या ग्राहकाचे बिल 50 हजारांच्या आत असेल, तर त्याने मागितल्याशिवाय नाव-पत्ता लिहिण्याचीही गरज नाही. मग ईदच्या आदल्या रात्री, गल्ल्यापुढे वीस गिऱ्हाइके खोळंबली असताना कामावरचा मुलगा काय करतो? नावाच्या जागी 'अबक' आणि मोबाईलच्या जागी दहा वेळा नऊ ठोकून मोकळा होतो. रकाना भरला, माहिती खोटी! रिकामा रकाना निदान रिकामा दिसतो. हा 'अबक' खऱ्या गिऱ्हाइकांच्या यादीत जाऊन बसतो. उधारी असेल तर नाव हवेच, पण ते बिल जतन करताना मागावे.

अर्थात, जिथे क्रमच अर्थ सांगतो तिथे सूट नको. 5-4 म्हणजे 5 एप्रिल, की अमेरिकी पद्धतीने 4 मे? जीएसटी क्रमांकाच्या 15 अक्षरांत पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे 27), पुढची दहा अक्षरे पॅनची. बिलांचे अनुक्रमांकही सलगच हवेत. जुन्या मुनीमांची कीर्द तारीखवार असे, कारण शाईने लिहिलेल्या दोन ओळींत मागाहून तिसरी घुसवता येत नसे. संगणकाला ती अडचण नाही, तो नोंदी हव्या तशा लावून देतो.

नावाचा गुंता मात्र निराळा. आपल्यात कोणी 'शेख' आधी लिहितो, कोणी शेवटी; कित्येकांना आडनावच नसते. आधारवर पूर्ण नाव एकाच ओळीत, तर पॅनच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा. पॅनवरचे नावच जीएसटी नोंदणीत येते. तेव्हा व्यापारी पक्षकाराचे नाव तीन रकान्यांत तोडू नये. 'पॅनवर आहे तसे' एकाच रकान्यात घ्यावे.

नवे सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्यासमोरच आधी माल भरून पाहा, नाव शेवटी घाला. तो "असे चालत नाही" म्हणाला, तर दुसरे बघा.